आत्याने कानात सांगितलेलं नाव

अप्पा, आज सकाळी वर्गात हजेरी घेताना मी मेसन म्हटलं आणि मागून तुमचा आवाज आला, 'गवंडी'. पुढचा टायलर. 'कौलं घालणारा.' त्याच्यापुढे टेलर, आणि ती मुलगी 'येस मिस' म्हणेपर्यंत माझ्या जिभेवर शिंपीण येऊन बसली होती. मी ती गिळली. लेस्टरच्या शाळेत गणित शिकवणाऱ्या बाईला हजेरीच्या वेळी डोळे पुसणं परवडत नाही. पोरांना लगेच वास लागतो आणि पुढचा तास वाया जातो. संध्याकाळी घरी आले, सवयीने दोन कपांचं आधण ठेवलं, मग त्यातलं एक कप पाणी ओतून दिलं आणि तुमच्याशी बोलायला बसले. रडायला नाही बसले. एक गोष्ट सांगायची आहे, आणि ती या जगात दुसऱ्या कुणाला सांगायची सोय उरलेली नाही.

तुमच्याबद्दल चांगलं बोलणारे पुष्कळ झाले. क्रिमेटोरियममध्ये तुमचे जुने सहकारी बोलले, मंडळातले लोक बोलले. किती शांत डॉक्टर होते, किती शिस्तीचे होते. एकानेही हे सांगितलं नाही की हा माणूस तोंडातला घास तोंडात ठेवून 'केला' हे मुलीचं नाव कुठून आलं ते शोधायला उठायचा, आणि आई मागून ओरडायची की पोळी गार होतेय.

हा नाद तुम्हाला हॉस्पिटलने लावला. सिझेरियनच्या वेळी बाई जागी असते, फक्त कमरेखाली भूल दिलेली. पडद्याच्या पलीकडे तिचं पोट उघडलेलं, अलीकडे ती घाबरून पांढरी पडलेली, आणि तिच्या उशाशी तुम्ही. भूल देणाऱ्याने तिला बोलतं ठेवायचं असतं. बाकीचे हवापाणी विचारायचे, सुट्टीत कुठे जाणार विचारायचे. तुम्ही विचारायचात, नाव काय ठेवणार? आणि मग, त्याचा अर्थ काय? बहुतेकींना तो माहीत नसायचा. त्या बिचाऱ्यांना त्या अवस्थेत तुम्ही सांगायचात की कूपर म्हणजे लाकडी पिंप बनवणारा आणि कार्टर म्हणजे गाडीवान. एकीने मुलीचं नाव नेव्हेआ ठेवलं होतं, हेवन उलटं लिहिलं की होतं म्हणे. घरी येऊन हात धुता धुता तुम्ही आईला गंभीरपणे विचारलंत, "अगं, उलटा स्वर्ग म्हणजे पाताळच की नाही?"

तुमचं म्हणणं असं की ही अमेरिकन नावं अमेरिकन नाहीतच. ही इथल्या गवंड्या-शिंप्यांची आडनावं. इथून बोटीने गेली आणि तिथल्या पोरांची नावं होऊन विमानाने परत आली. मॅडिसन, अ‍ॅडिसन, मॅकेन्झी, तिन्हींचा अर्थ अमक्याचा मुलगा, आणि तिन्ही मुलींना ठेवतात. एडिनबऱ्याला कॉन्फरन्सला गेलात तेव्हा तिथल्या एका म्हाताऱ्या पोर्टरला तुम्ही विचारलंत, मॅकेन्झी नावाची मुलगी भेटली तर काय म्हणाल? तो म्हणाला, तिचं पहिलं नाव विचारीन. ही गोष्ट तुम्ही इतक्या वेळा सांगितलीत की शेवटी शेवटी आम्ही पोर्टरच्या आधी हसायचो. जेडन आणि केडन यांना मात्र तुम्ही नुसती ठेक्याची नावं म्हणायचात. कानाला बरं लागलं म्हणून ठेवलेली, आत हात घातला तर रिकामी.

यावरून आपण भांडायचो. मी म्हणायचे, अप्पा, माझ्या वर्गात तीन जेडन आहेत. तिघांनाही हाक मारली की तिघंही बघतात. नाव म्हणजे हाक, हाकेला माणूस वळला की नावाचं काम झालं. तुम्ही म्हणायचात, हाकेला कुत्रंही वळतं. मग मी माझा हुकमी पत्ता काढायचे. ऑपरेशन थिएटरमधले सगळे तुम्हाला नोकरीभर मार्क म्हणत आले. मधुकर त्यांच्या तोंडी बसेना, म्हणून मार्क. ज्याला नावाला अर्थ लागतो तो माणूस मार्क या हाकेला ओ देत राहिला. यावर तुम्ही कधी मार्क हे मंगळाशी नातं सांगणारं नाव आहे वगैरे सांगून सुटका करून घ्यायचात. एकदाच फक्त सरळ उत्तर दिलंत, म्हणालात की ते माझं चुकलंच. मी पुढे काही बोलले नाही. बोलायला हवं होतं का, ते मला अजून ठरवता येत नाही.

तुमच्या लेकाने, समीरने, ब्रूकला घरी आणलं त्या दिवशी तुम्ही किती सज्जनपणे वागलात. ओहायोची मुलगी, ब्रॅकनेलला समीरच्याच ऑफिसात, आणि साबुदाण्याची खिचडी दोनदा मागून घेतलेली. ती गेल्यावर तुम्ही एवढंच म्हणालात, ब्रूक म्हणजे ओढा. चला, वाहता तर आहे. नंतर तुमचं तिच्याशी चांगलं जमलं. ती तुम्हाला अप्पा म्हणायची आणि तुम्ही तिला ओहायोमधल्या गावांची नावं विचारत बसायचात.

म्हणून मला वाटलं होतं की बाळाच्या नावाचंही निभावून जाईल. जेवणाच्या टेबलावर त्या दोघांनी सांगितलं की मुलगी आहे आणि नाव पेझली. तुम्ही 'छान' म्हणालात, अगदी छान म्हणालात, आणि वाटीतलं वरण तसंच ठेवलंत. दुसऱ्या दिवसापासून सुरू झालं. पेझली हे स्कॉटलंडमधलं गाव. शब्द मुळात लॅटिनमधून आलेला, अर्थ चर्च. आपल्या नातीचं नाव चर्च, अनू? मी तुम्हाला हरप्रकारे समजावलं. म्हटलं, अहो, त्या गावात आपल्या काश्मिरी शालींसारख्या शाली विणायचे, त्यांच्यावर आपली कोयरी असायची, तिलाच तर हे लोक पेझली म्हणतात. आईच्या पैठणीच्या पदरावर नव्हती का? ती कोयरी इथे आली, इथून अमेरिकेला गेली आणि पोरीचं नाव होऊन घरी आली. तुम्हीच सांगता ना असं? मला वाटलं, आता जिंकले. तुम्ही चष्मा काढलात आणि म्हणालात, "मग सरळ कोयरी ठेवा."

ब्रूकलाही तुम्ही फोनवर ते लॅटिन सांगितलंत. ती ऐकून घेत होती, मी तुमच्या शेजारीच बसले होते. ती काहीच बोलली नाही, आणि ती गप्प झाली की वाईट असतं हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

मग तुमचं दुखणं वाढलं. त्याबद्दल मी लिहिणार नाही. फक्त ती दुपार. नर्स नुकतीच गेली होती, खिडकीत ऊन होतं, आणि तुम्ही तोंडावरचा ऑक्सिजनचा मास्क बाजूला करून माझं मनगट धरलंत. इतकी ताकद तुमच्यात उरली असेल असं वाटलं नव्हतं.

"कागदावर काय लिहायचं ते लिहू देत," तुम्ही म्हणालात. "कानात नाव आत्या सांगते. तो हक्क तुझा आहे. तू तुझ्या आईचं नाव सांग. इंदुमती सांग."

मी म्हटलं, अप्पा, मास्क लावा.

"माझं नाव त्यांच्या जिभेला जड होतं, म्हणून मीच ते हलकं करून दिलं. हे तरी जड राहू दे. सांगशील ना?"

मी हो म्हटलं. मरणाऱ्या माणसाला कोण नाही म्हणतं? तुम्हाला हे ठाऊक होतं अप्पा, तुम्ही आयुष्यभर घाबरलेल्या माणसांच्या उशाशी उभे राहिलेले. तुम्ही मला बरोबर पकडलंत, आणि मग निघून गेलात. तुमचं तेरावं झालं आणि काही दिवसांनी ती जन्मली.

मला तुमचा राग आला. अजूनही येतो, मध्येच, भाजी चिरताना वगैरे. कारण तुम्ही गेल्यावर मला आईचं एक बोलणं आठवायला लागलं. तिच्या शेवटच्या आजारपणात मी तिच्या केसांना तेल लावत होते तेव्हाचं. माहेरची ती कुसुम. लग्नात तुम्ही ताटातल्या तांदळात अंगठीने नाव लिहिलंत, इंदुमती. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या असतील. आई मला म्हणाली, "मला आधी कुणी सांगितलंही नव्हतं गं. ताटात वाकून वाचलं तेव्हा कळलं, मी कोण झाले ते." तक्रार म्हणून नाही म्हणाली, हसत म्हणाली. पण हे ऐकल्यावर ते नाव मी एका चार किलोच्या पोरीच्या कानात कसं घालायचं? आणि गंमत म्हणजे ते नाव तुम्ही तरी कुठे घेतलंत? सगळा संसार 'अगं'वर भागवलात.

कुसुम सांगावं असंही मनात येऊन गेलं. मग तुम्ही धरलेलं माझं मनगट आठवायचं. एका बाजूला तुम्ही, एका बाजूला आई, समोर त्या पोरीचे जिवंत आईबाप, आणि मधे मी, जिला कुणीच विचारलेलं नाही. एम वनवरून गाडी चालवत ब्रॅकनेलला जाताना मला वाटत होतं की टायर पंक्चर व्हावा. तोही झाला नाही.

बारशाला मी सकाळीच पोचले. समीर घरासमोरच्या ड्राइव्हवरच उभा होता, माझ्या हातातला घुगऱ्यांचा डबा घेऊन त्याने तो गाडीच्या टपावर ठेवला.

"ताई, वन सेकंद. आत जायच्या आधी बोलायचा आहे. तू मला सांगितलास ना, तो अप्पांचा विश ब्रूकला माहीत आहे, मीच सांगितला. शी वॉज रिअली हर्ट. तू फक्त पेझली म्हण, ओके? मला मध्ये नको टाकू."

मी म्हटलं, तुला कोण मधे टाकतंय, मधे मी आहे. तो म्हणाला, प्लीज ताई. लहानपणी तुम्ही प्रोग्रेस रिपोर्ट मागितला की मला पुढे करायचा तेव्हा जसं म्हणायचा अगदी तसं.

आत ब्रूक स्वयंपाकघरात चहा करत होती. माझ्या चहात तिने न विचारता आलं घातलं. बाळ बास्केटमध्ये झोपलेलं, अंगावर एक विटकी गोधडी. मी पाहिलं तर तुकड्यातुकड्यांवर कोयऱ्या, निळ्या, तांबड्या, धुवून धुवून पुसट झालेल्या. ही कुणाची म्हणून विचारलं, तर ब्रूकने इंग्रजीत हळूहळू सांगितलं. तिची आई कामाच्या पाळ्या करायची, हिला वाढवलं आजीने. आजीला या नक्षीचं वेड होतं, तिचे झगे तसलेच. झगे जुने झाले की त्यांचे तुकडे गोधडीत जायचे. लहानपणी वीज गेली की ही गोधडीवरच्या कोयऱ्या बोटाने मोजत पडायची. त्यांच्या घराण्यात मेलेल्या माणसाचं नाव पोराला द्यायची पद्धत आजीला आवडत नसे, म्हणून हिने आजीचं नाव न ठेवता तिची नक्षी ठेवली.

मग ती म्हणाली, "अप्पांनी मला त्या शब्दाचं लॅटिन सांगितलं. मी तो का निवडला, हे नाही विचारलं."

मीही नव्हतं विचारलं. उशाशी उभं राहून तुम्ही हजार बायकांना नावाचा अर्थ विचारलात अप्पा, आणि घरातल्या एकीला विचारायचं राहून गेलं. मी तुमची बाजू घेणार होते, तुम्ही आजारी होता वगैरे. ब्रूकच म्हणाली, चहा गार होतोय.

बारसं चांगलं झालं. मंडळातल्या बायका आल्या, रेडिंगहून कुणीतरी खरा लाकडी पाळणा आणला, तो झेंडूच्या कागदी फुलांनी सजवला. पाळणा म्हटला गेला. समीरने ब्रूकला काठाची साडी नेसवून घेतली होती आणि ती दर दोन मिनिटांनी निऱ्या धरून बघत होती. मला बोलावलं. मी वाकले, डोकं पाळण्यात घातलं. वर बायकांनी माझ्या पाठीवर धपाटे घालायला सुरुवात केली, रीतच आहे, आत्याने नाव सांगताना धपाटे घालायचे. पाठीत धपाटे, नाकाला दुधाचा वास, कानाशी ओरडणाऱ्या बायका, आणि वर येता येत नाही. नाव सांगितल्याशिवाय वर यायचंच नसतं. मला तुमचा मास्क आठवला. मला आई तांदळाच्या ताटावर वाकलेली दिसली, तिला तेव्हा असंच वाटलं असेल. बाळ जागं होतं. ते माझ्याकडे बघत नव्हतं, गोधडीच्या काठाकडे बघत होतं.

मी तिच्या कानात कुर्र केलं आणि म्हटलं, पेझली.

फक्त पेझली म्हटलं. तुमचं नाही सांगितलं, आईचंही नाही. मी तुम्हाला दिलेला शब्द मोडला अप्पा, आणि वर आले तेव्हा मला मोकळं वाटलं. तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा पोटभर श्वास घेतला. हे लपवत नाही. मी दोन वाट्या घुगऱ्या खाल्ल्या.

हे इथे थांबलं असतं तर मी हे लिहायला बसले नसते. मनातल्या मनात तुमची माफी मागितली असती, तुम्ही दोन दिवस बोलला नसतात, आणि तिसऱ्या दिवशी तुम्हीच एखादं नवं नाव घेऊन आला असतात.

निघताना समीर माझे डबे गाडीत ठेवायला आला. डिकी बंद केली तरी तो जाईना. जमिनीकडे बघत म्हणाला, "ताई, तू तिच्या कानात आईचा नाव सांगितलास ना?"

मी बंद डिकी पुन्हा दाबून पाहिली.

"मला माहीत होता. मी नको म्हटला तरी तू सांगणार. यू नेव्हर लिसन टू मी." आणि तो हसला, आणि हसता हसता त्याचे डोळे भरले. "थँक गॉड. मला नसता जमला. ब्रूकला मी नाही सांगणार. अप्पांना बरा वाटला असेल, ना?"

तुम्ही असतात तर काय केलं असतंत? तो तुमच्या शेवटच्या दिवसांत दर शुक्रवारी ब्रॅकनेलहून यायचा आणि तुमच्या पायाशी बसून राहायचा, कारण मराठीत काय बोलावं ते त्याला सुचायचं नाही. त्याला बायकोला दुखवायचं नव्हतं आणि बापालाही, आणि ते दोन्ही माझ्या तोंडून व्हायला हवं होतं. माझ्यावर एवढा विश्वास, की मी त्याचं ऐकणार नाही. आयुष्यात एकदा मी त्याचं ऐकलं.

मी म्हटलं, "हो. सांगितलं."

आता खरं काय ते त्या पोरीला माहीत आहे आणि मला. ती बोलायला लागेल तेव्हा तिला आठवणार नाही. ब्रूकला सांगावं तर समीरला मनातून काय हवं होतं ते तिला कळेल. समीरला सांगावं तर त्याचे अप्पा दुसऱ्यांदा जातील, या वेळी रागावून. तुमच्याशी खोटं बोलले आणि ते निस्तरायला त्याच्याशीही. गाडीत बसल्यावर किती वेळ किल्ली फिरवली नाही.

आणि तो आता तिला इंदू म्हणतो, अप्पा. एकटा असला की, त्यानेच मला सांगितलं. नॅपी बदलताना, बाटली देताना, आपला तुटक्या मराठीत, 'इंदू, तू भूक लागला का?' माझ्या हिशोबाने तिचं नाव इंदू होतच चाललंय, कारण ती त्या हाकेला वळायला लागेल. तुमच्या हिशोबाने ते कधी ठेवलंच गेलं नाही. हा वाद आता मिटायचा नाही, आणि तो घालायला तुम्ही नाही आहात, याचं मला जितकं वाईट वाटतं तितकं कशाचंच वाटत नाही.

काल रविवारी त्याने व्हिडिओ कॉल केला. ब्रूक बाहेर गेली होती. त्याने बाळाला मांडीवर उभं धरून फोन तिच्या समोर केला. मी आपलं काय गं, काय करतेस, दूध प्यायलीस का, असं काहीबाही बोलत होते, नाव चुकवून. तुम्ही आईशी बोलायचा तसं. समीर म्हणाला, "ताई, तू तिला नावाने बोलव ना. तूच दिलायस."

तो स्क्रीनवर वाट बघत होता, चेहरा अगदी तुमचा. बाळाचं डोकं एकीकडे कलत होतं, ते त्याने हाताने सरळ केलं आणि फोन तिच्या कानाजवळ नेला.

मग मी म्हटलं, इंदू.